बगलेवरचा हल्ला : असईची लढाई, काडेपेट्या आणि एक फासा

इतिहासाच्या पुस्तकात एक वाक्य वारंवार येतं : 'शत्रूच्या बगलेवर हल्ला केला आणि लढाई जिंकली.' मुलं ते वाचतात, पाठ करतात, पेपरात लिहितात. पण बगलेवर हल्ला झाला की सैन्य का हरतं, असं विचारलं तर वर्ग शांत होतो. बाजूने आले तर बाजूला वळायचं, त्यात काय मोठं? मुलांचा हा प्रश्न अगदी योग्य आहे. आजच्या लेखात त्याचंच उत्तर शोधू. सोबत पाचवी ते आठवीच्या मुलांना वर्गात खेळता येईल असा एक खेळही देते.

बगल म्हणजे नेमकं काय?

आपण बोलताना 'त्याने प्रश्नाला बगल दिली' असं म्हणतो. म्हणजे समोरून न भिडता बाजूने निघून गेला. सैन्याची बगल म्हणजे उभ्या रांगेची डावी किंवा उजवी बाजू. ही कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सैन्याच्या मांडणीचे भाग पक्ष, कक्ष आणि उरस्य या नावांनी येतात. उरस्य म्हणजे छातीचा, मधला भाग. पक्ष आणि कक्ष हे त्याच्या दोन्ही अंगांचे भाग. पक्ष म्हणजे पंख, हे मुलांना लगेच कळतं. पक्ष्याचं चित्र काढून दाखवा, वेगळं समजावावं लागत नाही.

जगात अनेक ठिकाणी मोठी माणसं टेबलावर छोटे शिपाई मांडून प्राचीन काळच्या लढाया खेळतात. हा छंद जुना आहे. प्रशियाच्या सैन्यात १८२४ साली अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी नकाशावरचा युद्धखेळ आला. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईवर 'लिटल वॉर्स' नावाचं पुस्तकच लिहिलं. प्राचीन लढायांसाठी १९९० साली निघालेला 'डी बेलिस अँटिक्विटाटिस' हा नियमसंच प्रसिद्ध आहे. त्यात प्रत्येक बाजूला फक्त १२ तुकड्या असतात. अशा खेळांमध्ये बगलेवरच्या हल्ल्याचे नियम अगदी बारकाईने लिहिलेले असतात, कारण बऱ्याचदा खेळाचा निकाल तिथेच लागतो.

आधी मैदानावर : 'दाहिने मूड' करून बघा

खेळाआधी पी.टी.च्या तासाला दहा मिनिटं काढा. १२ मुलांना एका आडव्या रांगेत, एकमेकांपासून एक मीटर अंतरावर उभं करा. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. आता ही रांग म्हणजे सैन्य. समोरून शत्रू आला तर १२ जण लढतील.

आता म्हणा, "दाहिने मूड!" एका क्षणात सगळे उजवीकडे वळतील. पण रांगेचं काय झालं ते मुलांनाच पाहू द्या. आडवी रांग होती, ती एकामागे एक अशी उभी ओळ झाली. उजवीकडून शत्रू आला तर त्याच्यासमोर फक्त एकच मुलगा आहे. बाकीचे ११ त्याच्या पाठीमागे, पोषण आहाराच्या रांगेत उभे असल्यासारखे. माणसं तेवढीच, शूरही तेवढीच, पण लढणारा एकच.

मग आडवी रांग तशीच ठेवून तिला उजवीकडे वळवायची असेल तर? उजव्या टोकाच्या मुलाने जागच्या जागी पाय आपटत राहायचं आणि डाव्या टोकाच्या मुलाने मोठा फेरा घ्यायचा, दाराच्या पाखासारखं. रांगेची लांबी ११ मीटर. टोकाच्या मुलाला पाव वर्तुळ चालावं लागतं, म्हणजे २ × ३.१४ × ११ ÷ ४, सुमारे १७ मीटर. एकाला शून्य मीटर आणि दुसऱ्याला १७. एकदा करून बघा, रांग कशी वाकडीतिकडी होते ते! १२ मुलांची ही गत, तर हजारोंच्या रांगेचं काय होत असेल?

पहिलं उत्तर इथेच मिळतं. एकटा माणूस क्षणात वळतो, पण रांगेला वळायला वेळ लागतो. बगलेवर हल्ला करणारा या वेळेचा फायदा घेतो.

खेळाचे नियम

साहित्य घरचंच आहे : १० रिकाम्या काडेपेट्या, दोन रंगांचा कागद, पट्टी, फासा आणि सुतळी. मोठ्या नियमसंचांतली तत्त्वं घेऊन वर्गासाठी नियम सोपे केले आहेत.

१. एक काडेपेटी म्हणजे एक तुकडी. तिची एक लांब कड लाल रंगवा, ती तोंडाची बाजू. समोरची लांब कड म्हणजे पाठ. दोन आखूड कडा म्हणजे दोन बगला.

२. दोन्ही बाजूंनी आळीपाळीने खेळायचं. एका पाळीत तुकडी १० सेंटिमीटर पुढे जाते. जागच्या जागी वळायचं असेल तर ती पाळी वळण्यातच जाते.

३. दोन पेट्या भिडल्या की दोघांनी फासा टाकायचा. कमी आकडा पडला तो हरला आणि एक पेटीभर मागे हटला. सारखे आकडे पडले तर कुणीच हलायचं नाही.

४. शत्रूच्या तोंडाच्या कडेवरून दोन्हीकडे सरळ रेषा वाढवा. हल्ला करणारी पेटी आपल्या पाळीच्या सुरुवातीला त्या रेषेच्या मागे असेल आणि शत्रूच्या आखूड कडेला भिडली, तरच तो बगलेवरचा हल्ला. समोर उभं राहून शेवटच्या क्षणी तिरकं शिरणं चालत नाही. प्राचीन लढायांच्या अनेक नियमसंचांत ही अट या ना त्या रूपात असते, नाहीतर खेळाडू सेंटिमीटरभर सरकून 'बगल, बगल' करत बसतील!

५. जिच्या बगलेवर हल्ला झाला त्या पेटीसमोर दुसरा शत्रू नसेल, तर ती लगेच हल्लेखोराकडे तोंड करते आणि साधी लढाई होते.

६. पण समोरही शत्रू भिडलेला असेल, तर तिला वळता येत नाही. बगलेवरच्या प्रत्येक शत्रूसाठी तिच्या फाशातून १ वजा करायचा. आणि ती हरली तर मागे हटायची नाही, थेट खेळातून बाद.

पाचवा आणि सहावा नियम एकदा पुन्हा वाचा. सगळी मेख तिथे आहे.

'उणे १' ने काय होतं?

हा भाग गणिताच्या तासाला घेता येईल. दोन फाशांच्या ३६ जोड्या मुलांकडून तक्त्यात लिहून घ्या. साध्या लढाईत आपण १५ जोड्यांत जिंकतो, १५ मध्ये हरतो आणि ६ मध्ये बरोबरी. आता आपल्या आकड्यातून १ वजा करा. हरण्याच्या जोड्या २१ होतात, बरोबरीच्या ५, जिंकण्याच्या १०. दोन्ही बगलांवर शत्रू असेल तर उणे २. तेव्हा हरण्याच्या २६, बरोबरीच्या ४ आणि जिंकण्याच्या फक्त ६.

म्हणजे उणे १ ने हरण्याची शक्यता ३६ पैकी १५ वरून २१ वर गेली. वाढ आहे, पण एवढ्याने सैन्य संपत नाही. खरा फरक दुसराच आहे. आधी हरलं तर एक पाऊल मागे जाता येत होतं, आता हरलं की तुकडीच गेली. माणसाला मागे सरकायला जागा असेल तर तो सावरतो, पुन्हा उभा राहतो. समोरून आणि बाजूने दोन्हीकडून दाबला तर सावरायला जागाच उरत नाही. बगलेवरच्या हल्ल्याची भीती असते ती या कोंडीची.

पोरस आणि सिकंदर : समोर कुणीतरी धरून ठेवतो

इ.स.पू. ३२६ मध्ये झेलम नदीकाठी हेच घडलं. नदीच्या एका काठाला राजा पोरसचं सैन्य, दुसऱ्या काठाला सिकंदर. सिकंदराने सैन्याचा एक भाग क्रेटेरोस या सेनापतीच्या हाताखाली पोरसच्या समोरच ठेवला आणि स्वतः रात्री, वादळी पावसात, बरंच वरच्या अंगाला जाऊन नदी ओलांडली. पोरसला कळलं तेव्हा त्याने योग्य तेच केलं. क्रेटेरोसला अडवायला थोडं सैन्य ठेवलं आणि हत्तींसह मुख्य सैन्य सिकंदराकडे वळवलं. म्हणजे तो वळला. तरीही सिकंदराचा एक घोडदळ सरदार, कोइनोस, फेरा घेऊन पोरसच्या घोडदळाच्या मागे आला. समोर सिकंदर, मागे कोइनोस. आता तोंड कुणीकडे करायचं?

आपल्या खेळातला हा सहावा नियम. एकाने समोर धरून ठेवायचं, दुसऱ्याने बाजूने किंवा मागून यायचं. ऐरण आणि हातोडा दोन्ही लागतात, नुसत्या हातोड्याने लोखंड वाकत नाही.

असई, २३ सप्टेंबर १८०३ : पाचवा नियम

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. काळ प्राचीन नाही, तोफाबंदुकांचा आहे. पण पायदळ अजून रांगेतच लढत होतं, म्हणून बगलेचा नियम तोच.

जालना जिल्ह्यात भोकरदनजवळ असई हे गाव आहे. तिथे एका बाजूला होते दौलतराव शिंदे आणि आपल्या नागपूरचे दुसरे रघूजी भोसले, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचा सेनापती आर्थर वेलस्ली. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ साली वॉटर्लूला नेपोलियनविरुद्ध लढला.

केळणा आणि जुई या दोन नद्या इथे पूर्वेकडे एकमेकींना मिळतात. इंग्रजी पुस्तकांत त्या कैतना आणि जुआ अशा दिसतात. दोन नद्यांमधल्या जिभेसारख्या जमिनीवर मराठी फौज केळणेच्या उत्तर काठाने, दक्षिणेकडे तोंड करून उभी होती. पश्चिमेला भोकरदनच्या बाजूला प्रचंड घोडदळ, पूर्वेकडे असईच्या बाजूला शिंद्यांचं कवायती पायदळ आणि तोफा. तोफा शंभराच्या आसपास होत्या. कवायती पायदळाचा मुख्य अधिकारी होता पोलमन नावाचा जर्मन. वेलस्लीची संख्या खूप कमी होती.

समोरून नदी ओलांडणं म्हणजे तोफांच्या तोंडी जाणं. म्हणून वेलस्लीने पूर्वेकडे जाऊन मराठ्यांच्या डाव्या बगलेवर यायचं ठरवलं. वाटाडे म्हणाले, तिकडे उतार नाही. त्याला मात्र नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली. एवढी जवळची गावं, म्हणजे लोक येत-जात असणार, म्हणजे उतार असणार, असा त्याने तर्क केला. उतार निघाला. (भूगोलाच्या तासाला हा तर्क जरूर सांगा. गावं, नदी आणि उतार यांचं नातं आपल्याकडच्या कुठल्याही नदीवर दिसतं.)

कंपनीची फौज नदी पार करून बगलेवर आली. पुस्तकी वाक्याप्रमाणे लढाई इथेच संपायला हवी होती. पण पोलमनच्या पलटणी वळल्या. हजारो शिपाई आणि जड तोफा, शत्रू नदी ओलांडत असताना, काटकोनात फिरून नव्या रांगेत उभ्या राहिल्या. उजवं टोक केळणेला, डावं टोक असई गावाला टेकलेलं, तोंड पूर्वेला. आपल्या मैदानावरच्या १२ मुलांची रांग आठवा आणि ही कवायत किती अवघड असेल त्याचा अंदाज घ्या. ही फौज एवढं करू शकेल, अशी वेलस्लीची अपेक्षा नव्हती.

हे जमलं कारण त्यांच्यासमोर कुणी भिडलेलं नव्हतं. नदीच्या दक्षिणेला वेलस्लीने म्हैसूरचे आणि पेशव्यांचे स्वार ठेवले होते, पण ते नजर ठेवायला. ऐरण नव्हतीच. ठरल्याप्रमाणे स्टीव्हन्सन नावाचा अधिकारी दुसऱ्या वाटेने फौज घेऊन येणार होता आणि २४ तारखेला दोघांनी मिळून हल्ला करायचा होता. वेलस्लीने एक दिवस आधी, एकट्याने लढाई घेतली. म्हणून बगलेवरचा हल्ला समोरासमोरचा हल्ला झाला. पाचवा नियम!

त्याची किंमत कंपनीला मोजावी लागली. असई गावाकडे सरकलेली ७४वी पलटण तोफांच्या माऱ्यात जवळजवळ संपली. कंपनीच्या बाजूचे मेलेले आणि जखमी मिळून दीड हजारांच्या वर गेले. मराठी गोलंदाज तर तोफा शत्रूच्या हाती गेल्यावरही तोफांखाली मेल्यासारखे पडून राहिले आणि शत्रू पुढे जाताच उठून त्याच्या पाठीवर गोळे डागू लागले. वेलस्लीला मागे फिरून त्या तोफा पुन्हा घ्याव्या लागल्या. आयुष्यातली सर्वांत चांगली लढाई कोणती असं पुढे विचारलं, तेव्हा त्याने असईचं नाव घेतलं असं सांगतात.

मग मराठे हरले कसे? रांग वळली, पण केळणेच्या बाजूची उजवी फळी समोरच्या पायदळाच्या हल्ल्यात मोडली. प्रचंड घोडदळ मुख्य लढाईत जवळजवळ उतरलंच नाही. दोन नद्यांमधली जागा अरुंद, त्यामुळे संख्येच्या जोरावर वेलस्लीच्या बगलेवर जाणंही कठीण होतं. नद्यांनी दोन्ही बगला झाकल्या, मराठ्यांच्याही आणि त्याच्याही. शिवाय युद्ध सुरू होताना कंपनीच्या जाहीरनाम्यानंतर शिंद्यांकडचे बरेच इंग्रज अधिकारी नोकरी सोडून गेले होते.

टेबलावर असई मांडताना

दोन सुतळ्या पूर्वेकडे एकत्र येतील अशा ठेवा. केळणेच्या सुतळीला लागून सहा पेट्या, तोंड दक्षिणेला. एक पेटी ५ सेंटिमीटर धरली तर रांग ३० सेंटिमीटरची. पूर्वेकडून चार पेट्या येतील. मराठी रांगेला पुढे फिरता येत नाही, कारण पुढे नदी. म्हणून पश्चिमेचं टोक जागेवर ठेवून पूर्वेचं टोक मागे, उत्तरेकडे फिरवायचं. ते टोक पाव वर्तुळ, म्हणजे ४७ सेंटिमीटर जातं. एका पाळीत १० सेंटिमीटर, म्हणजे पाच पाळ्या. इथे एक नियम वाढवा : वळण पूर्ण व्हायच्या आत शत्रू भिडला तर भिडलेल्या पेटीला उणे १, आणि हरली तर ती बाद, कारण मागे आपल्याच पेट्यांची अडचण.

आता दोनदा खेळा. एकदा हल्लेखोर रांगेच्या पूर्व टोकापासून २० सेंटिमीटरवर ठेवा, एकदा ६० वर. पहिल्या खेळात वळण अर्ध्यावर असतानाच रांग गाठली जाते, दुसऱ्यात रांग पूर्ण वळून तयार असते. मग तिसऱ्यांदा नदीच्या दक्षिणेला स्टीव्हन्सनच्या दोन पेट्या द्या आणि त्यांना नदी ओलांडून समोरून भिडू द्या. तीनही निकाल फळ्यावर लिहा. "रांग कधी वळू शकली आणि कधी नाही?" एवढा एकच प्रश्न विचारा आणि गप्प बसा. पोट्टे बरोबर सांगतात.

पालकांसाठी दोन शब्द

काही पालक विचारतात, मुलांना युद्धाचा खेळ कशाला? शंका रास्त आहे. म्हणून खेळ संपला की बाद झालेल्या पेट्या डब्यात टाकायच्या नाहीत, टेबलाच्या एका कोपऱ्यात रांगेत मांडायच्या. मग सांगायचं की त्या एका दुपारी एकाच बाजूचे सुमारे १,६०० जण मेले किंवा जखमी झाले. शाळेचा पट २०० असेल तर आठ शाळा. मराठ्यांकडचे मैदानावर मेलेलेच १,२०० असल्याचं वेलस्लीने कळवलं होतं. त्यानंतर वर्गात आरडाओरडा होत नाही.

दुसरं असं, की या लढाईचा आपल्या गावाशी थेट संबंध आहे. असईनंतर अडगाव आणि गाविलगडही गेले. १७ डिसेंबर १८०३ ला देवगावचा तह झाला आणि नागपूरकर भोसल्यांना कटक आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड सोडावा लागला. नागपूरला कंपनीचा रेसिडेंट आला, तो माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. असईला तो वेलस्लीसोबत होता. शिक्षणाच्या इतिहासात आपण डी.एड.ला ज्याचं नाव वाचलं तोच हा.

असई म्हटलं की 'आपले लोक घाबरले, पळाले' एवढंच मुलांच्या कानावर येतं. पळाले तेही होते, हे खरंच. पण त्याच मैदानावर नाव माहीत नसलेले हजारो शिपाई काटकोनात वळून शंभर तोफांसह उभे राहिले आणि गोलंदाज शेवटपर्यंत तोफेपाशी राहिले, हेही खरं आहे. हरलेल्या बाजूने काय नीट केलं आणि काय चुकलं, हे वेगवेगळं पाहता येणं म्हणजे इतिहास शिकणं. काडेपेटी हातात घेऊन रांग वळवायला लागलेल्या मुलाला ते आपोआप दिसतं, आपल्याला भाषण द्यावं लागत नाही.

खेळ वर्गात घेतलात तर मुलांनी विचारलेले प्रश्न नक्की लिहून ठेवा. पुढच्या लेखात याच काडेपेट्यांनी सीताबर्डीच्या दोन टेकड्या मांडू.